जीपीयू सर्व्हर घ्यायचा की नाही: महापेतल्या एका लेझर प्रकल्पाचं प्रकरण

महापे एमआयडीसीतली एक छोटी कंपनी. मूळ धंदा ऑप्टिकल तपासणीची यंत्रं बनवण्याचा. तिने नवी मुंबईतल्याच एका इंजिनीअरिंग कॉलेजबरोबर मिळून लेझरच्या मदतीने लांबच्या, हलत्या वस्तूचं चित्र काढणारा प्रयोगशाळेतला नमुना उभा केला होता. चित्र येत होतं, पण एकेका चित्रासाठी कित्येक मिनिटं थांबावं लागत होतं. पाहुण्यांसमोर दाखवायचं तर वस्तू सरकत असतानाच पडद्यावर ती ओळखू यायला हवी. म्हणून एका तगड्या जीपीयू सर्व्हरचं, म्हणजे एकाच वेळी असंख्य आकडेमोडी करणाऱ्या संगणकाचं, कोटेशन मागवलेलं होतं आणि खरेदीच्या फाइलवर फक्त सही राहिली होती. प्रकल्पाच्या प्रमुख मॅडमना वाटलं, सहीआधी बाहेरच्या कुणाकडून एकदा बघून घ्यावं. मी ठाण्यात राहतो, सिग्नल प्रोसेसिंगची सुटी कामं करतो. त्यांनी मला एवढंच विचारलं, "सर, हे मशीन घेतलं तर चित्र लाइव्ह दिसेल ना?"

उत्तर नकारार्थी निघालं. ते का, हेच हे प्रकरण. कंपनीच्या परवानगीने लिहितो आहे, नावं गाळली आहेत.

हा खटाटोप कशासाठी

५०० किलोमीटर उंचीवरून जाणाऱ्या उपग्रहाकडे जमिनीवरून दुर्बीण लावली, तर वातावरणाच्या खळबळीमुळे साधारण १ आर्कसेकंदाहून (अंशाच्या ३६०० व्या भागाहून) बारीक काही दिसत नाही. त्या अंतरावर १ आर्कसेकंद म्हणजे जवळजवळ २.४ मीटर. म्हणजे छोटा उपग्रह हा एक धूसर ठिपका. अडॅप्टिव्ह ऑप्टिक्सने, म्हणजे हवेच्या खळबळीप्रमाणे आरशाचा आकार क्षणोक्षणी बदलून, हवेचा परिणाम पुष्कळ कमी करता येतो, पण आरशाच्या व्यासाचं बंधन सुटत नाही. भूस्थिर कक्षेत, ३५,७८६ किलोमीटरवर, १ मीटरचा तपशील हिरव्या प्रकाशात पाहायचा तर २० मीटरच्या वरचा आरसा लागतो.

यावर एक वेगळी वाट आहे, शीअर्ड-बीम इमेजिंग. रिचर्ड हचिन यांनी १९९३ मध्ये तिच्यावर लिहिलं तेव्हा तिचं वर्णनच 'लेन्सशिवायची प्रतिमा' असं केलं होतं. वस्तूवर एकाच लेझरचे तीन बीम सोडायचे. तिन्ही एकमेकांपासून किंचित बाजूला सरकवलेले, एक मूळ जागी, एक आडव्या दिशेने, एक उभ्या दिशेने. तिघांची वारंवारता अगदी थोडी वेगळी. वस्तूवरून परतणारा प्रकाश जमिनीवर स्पेकलची, म्हणजे उजळ-काळ्या दाण्यांची, नक्षी पसरतो. बीम ज्या दिशेला सरकवला, त्याच्या उलट दिशेला तितकीच त्याची नक्षी सरकते. त्यामुळे जमिनीवरच्या एकाच डिटेक्टरवर त्या नक्षीचे तीन शेजारी बिंदू एकत्र येऊन पडतात आणि वारंवारतेच्या फरकाने त्यांचे बीट, म्हणजे उजेडाचे ठरावीक चढउतार, ऐकू यावेत तसे मोजता येतात. फेज म्हणजे तरंग आपल्या चक्रात कुठवर आला आहे ते; बीटची फेज म्हणजे दोन शेजारी बिंदूंमधला फेजचा फरक. असे फरक सगळ्या जाळीभर मिळाले की ते जोडून पूर्ण तरंग उभा करायचा, त्याचं उलटं फूरिए रूपांतर घ्यायचं, की वस्तूचं चित्र मिळतं.

गंमत अशी, की डिटेक्टरजवळच्या हवेने फेज बिघडवली तरी ती तिन्ही बीमसाठी सारखीच बिघडते आणि फरक घेताना कटते. म्हणून डिटेक्टर उत्तम दर्जाचा असण्याचीही गरज नसते. प्रकाश गोळा करणारी साधी भांडी चालतात, फक्त ती भरपूर हवीत.

महापेचा सेटअप

कंपनीच्या तळमजल्यावरच्या लांब पॅसेजमध्ये १० मीटर अंतर मिळालं होतं. एका टोकाला ५३२ नॅनोमीटरचा हिरवा लेझर आणि तीन अकूस्टो-ऑप्टिक मॉड्यूलेटर, बीमची वारंवारता किंचित बदलणारे. दुसऱ्या टोकाला पत्र्याची २० मिलिमीटरची उपग्रहासारखी आकृती, सरकत्या स्टेजवर. डिटेक्टरांची जाळी म्हणून भाड्याने आणलेला हाय-स्पीड कॅमेरा, १०२४ × १०२४ पिक्सेल, पिक्सेल २० मायक्रोमीटरचा, भिंगाशिवाय उघडाच ठेवलेला. बीम ०.१६ मिलिमीटरने सरकवलेले, म्हणजे बरोबर ८ पिक्सेल. ८ × ८ पिक्सेलचा एक गट धरला की १२८ × १२८ ची जाळी. २०.४८ मिलिमीटरच्या या 'आरशातून' १० मीटरवर साधारण ०.२६ मिलिमीटरचा तपशील दिसायला हवा. हा सगळा हिशोब चोख होता, त्यात मला काही खोट काढता आली नाही.

बीट मोजण्याची रचनाही नीट केलेली होती. कॅमेरा सेकंदाला ५,००० फ्रेम घेत होता. ६४ फ्रेमचा एक झटका, म्हणजे १२.८ मिलिसेकंद. या खिडकीत एका जोडीचे ५ बीट, दुसऱ्या जोडीचे १२ आणि तिसऱ्या जोडीचे आपोआप ७ असे पूर्णांकात बसवलेले, म्हणजे एकाचा अंश दुसऱ्यात सांडत नाही. वारंवारता ३९०.६२५, ९३७.५ आणि ५४६.८७५ हर्ट्झ. मॉड्यूलेटरचे ड्रायव्हर आणि कॅमेरा एकाच १० मेगाहर्ट्झच्या घड्याळावर बांधलेले. एका झटक्यातून एक चित्र, पण ते स्पेकलमुळे इतकं दाणेदार की ओळखू येत नाही. म्हणून २५ झटक्यांची २५ चित्रं काढून सरासरी. वेगवेगळ्या स्पेकलची N चित्रं मिसळली तर दाणेदारपणा √N पटीने उतरतो, २५ ला पाचव्या हिश्शावर येतो.

घोडं कुठे पेंड खातं

वेळ कुठे जातो हे टीमने मोजलेलं होतं. पण फक्त कोडचा वेळ मोजला होता. कोड लिहिणारी मुलगी एमटेकच्या शेवटच्या वर्षाची, हुशार आणि काटेकोर. तिच्या वहीत प्रत्येक फंक्शनला लागणारा वेळ लिहिलेला होता आणि त्यात फेज जोडण्याचा भाग सगळ्यात वर होता. म्हणून जीपीयू.

स्टेज आणि कॅमेरा सांभाळणारे काका मात्र वेगळंच सांगत होते. "अहो सर, हिचा कोड सुरू व्हायच्या आधीच माझा चहा पिऊन होतो. कॅमेऱ्यातनं फाइल निघता निघत नाय."

काकांचं म्हणणं कागदावर मांडलं. ६४ फ्रेम, प्रत्येकी १०,४८,५७६ पिक्सेल, प्रत्येक पिक्सेलला २ बाइट: एका झटक्याला १३४ मेगाबाइट. २५ झटके, ३.३ गिगाबाइटच्या वर. असे कॅमेरे आधी स्वतःच्या स्मृतीत साठवतात आणि मग गिगाबिट इथरनेटवरून बाहेर देतात. सेकंदाला १०० मेगाबाइटच्या आसपास मिळाले तरी अर्ध्या मिनिटाहून जास्त. यात संगणकाची काहीच भूमिका नाही. शिवाय १०२४ चे १२८ करताना ६४ पिक्सेल मिळवून एक आकडा उरतो, म्हणजे तारेवरून आलेल्या मालाचा चौसष्टावा भागच पुढे कामी येतो.

एवढ्यावर 'नेटवर्क बदला' असं सांगून मोकळं होता आलं असतं. पण कोटेशनमधलं मशीन ज्या हिशोबासाठी घेतलं जाणार होतं तो हिशोबही पाहायला हवा होता.

मोठं मॅट्रिक्स आणि भोवरे

फेजचे फरक माहीत आहेत, फेज काढायची आहे. हा प्रश्न अडॅप्टिव्ह ऑप्टिक्सवाल्यांनी फार आधी सोडवला. फ्रीड आणि हजिन यांचे त्यावरचे लेख १९७७ चे. जाळीच्या प्रत्येक बिंदूची फेज अशी निवडायची की मोजलेल्या फरकांशी सगळ्यांचा मिळून कमीत कमी विसंवाद राहील. १२८ × १२८ म्हणजे १६,३८४ अज्ञात, ३२,५१२ फरक. टीम हे गणित गाउस-सायडलच्या पद्धतीने पुन्हा पुन्हा फेऱ्या मारून सोडवत होती. या पद्धतीत बारीक चुका पटकन जातात, पण जाळीभर पसरलेल्या लांबलचक चुका फार सावकाश निघतात. जाळी दुप्पट रुंद केली की लागणाऱ्या फेऱ्या साधारण चौपट होतात.

विक्रेत्याची सूचना अशी होती, की उलटं मॅट्रिक्स एकदाच काढून ठेवा आणि दर वेळी नुसता गुणाकार करा. मॅट्रिक्सचा आकार १६,३८४ × ३२,५१२, चार बाइटच्या आकड्यांत २.१ गिगाबाइट. प्रत्येक चित्राला शंभर कोटींच्या वर क्रिया. जीपीयूला हे जड नाही, खरं आहे. पण याच गणिताचं उत्तर कोसाइन रूपांतराने थेट मिळतं, हे घिग्लिया आणि रोमेरो यांनी १९९४ मध्ये मांडलेलं आहे. रूपांतराला दहा-वीस लाख क्रिया लागतात. साधा लॅपटॉप डोळ्यांची पापणी लवायच्या आत ते करतो.

त्या मुलीने संध्याकाळी हे लिहून चालवलंसुद्धा. वेळ खरोखर नगण्य. चित्र मात्र विस्कटलेलं, नुसती पसरलेली राख. तिला वाटलं कोडमध्ये चूक आहे. कोड बरोबर होता.

इथे या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट येते, म्हणून जरा थांबतो.

कमीत कमी विसंवादाचं हे गणित एक गोष्ट गृहीत धरतं: जाळीच्या कुठल्याही छोट्या चौकटीभोवती फिरून पहिल्या जागी आलो, तर फेजच्या फरकांची बेरीज शून्य भरते. ताऱ्याच्या प्रकाशाला थोडीशी हवा लागली असेल तर हे बहुतेक वेळा खरं असतं. स्पेकलमध्ये नसतं. स्पेकलच्या नक्षीत जागोजागी असे बिंदू असतात जिथे प्रकाश अगदी शून्य होतो, आणि त्यांच्याभोवती एक चक्कर मारली की फेज पूर्ण २π ने वाढते किंवा घटते. नाय आणि बेरी यांनी १९७४ मध्ये तरंगांमधल्या या दोषांचं वर्णन केलं, आज त्यांना ऑप्टिकल व्होर्टेक्स म्हणतात, भोवरे. कमीत कमी विसंवादाचं गणित या भोवऱ्यांचा भाग बेलाशक फेकून देतं. स्पेकलमध्ये भोवरे तुरळक नसतात, स्पेकलच्या दाण्यांच्या संख्येशी तुलना व्हावी इतके असतात. ते फेकले की तरंगाचा प्राणच गेला.

तिला मी एवढंच करायला सांगितलं, की प्रत्येक २ × २ चौकटीभोवती फरकांची बेरीज काढ आणि जिथे शून्य येत नाही तिथे ठिपका काढ. पडद्यावर गोवर आल्यासारखे ठिपके उठले. मॅडम मागे उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "म्हणजे तो सर्व्हर घेतला असता तर हीच राख झटपट मिळाली असती."

बरोबर. त्या २.१ गिगाबाइटच्या मॅट्रिक्समध्ये नेमकं हेच गृहीत दडलेलं होतं. टीमची जुनी, हळू पद्धत बरं चित्र देत होती त्याचं कारण मला कोड वाचल्यावर कळलं: तिथे फेजचे आकडे न बेरजता संमिश्र संख्या, ज्यांत ताकद आणि फेज एकत्र असतात, गुणल्या जात होत्या. प्रत्येक बिंदूचा तरंग हा चार शेजाऱ्यांच्या तरंगांना मोजलेल्या फरकाने फिरवून, बीटच्या ताकदीप्रमाणे वजन देऊन केलेली बेरीज. यात २π चं कोडंच उरत नाही. पद्धत शहाणी होती, चाल मंद होती.

मंद चाल सुधारायचा मार्गही फ्रीड यांनीच २००१ मध्ये दाखवला आहे. शेजारच्या दोन फरकांचे फेजर, म्हणजे त्याच संमिश्र संख्या, गुणले की दोन पावलांचा फरक मिळतो. असं करत जाळी निम्मी, पाव, अष्टमांश करत खाली जायचं, अगदी एका चौकटीपर्यंत, आणि मग वर येताना मधले बिंदू भरत यायचं. एकाच ठिकाणी जाणाऱ्या वेगवेगळ्या वाटांची वजनदार सरासरी घ्यायची. फेऱ्या नाहीतच. काम बिंदूंच्या संख्येच्या प्रमाणात वाढतं. यासाठी जाळीची बाजू दोनाच्या घातात एक मिळवून असली की बरं बसतं, म्हणून १२८ ऐवजी १२९. शेवटी जुन्याच पद्धतीच्या दोन-चार फेऱ्या घासकामापुरत्या.

प्रकाशाच्या तीव्रतेचं गणित याहून सोपं आहे. तीन बीटच्या उंचींपैकी ज्या दोन बीटमध्ये मूळ बिंदू आहे त्यांच्या उंचींचा गुणाकार करून तिसरीने भागलं की मूळ बिंदूची तीव्रता थेट मिळते. फक्त काळ्या दाण्यांपाशी तो भागाकार फुटतो, तिथे किमान मर्यादा घालावी लागते. तिने ती आधीच घातली होती.

एक लेन्स

आता माल आणण्याचा प्रश्न. १०२४ पिक्सेलचे १२८ करण्याचं काम संगणकात करण्याऐवजी प्रकाशातच का करू नये? कॅमेऱ्यापुढे १०० मिलिमीटर फोकल लांबीची, ५० मिलिमीटर व्यासाची साधी ऍक्रोमॅट लेन्स बसवली. कॅमेरा आधी जिथे होता ती जागा लेन्सच्या ९०० मिलिमीटर पुढे आणि कॅमेरा लेन्सच्या ११२.५ मिलिमीटर मागे. त्यामुळे २०.४८ मिलिमीटरची ती सगळी नक्षी आठपट आखडून सेन्सरच्या मधल्या १२८ पिक्सेलमध्ये बसली. १२९ साठी खिडकी थोडी मोठी, १३६ पिक्सेलची घेतली. आधी ज्या ६४ पिक्सेलची बेरीज व्हायची ती आता एका पिक्सेलवर आपोआप पडते.

कॉलेजचे सर थोडे अस्वस्थ झाले. लेन्सशिवायची प्रतिमा म्हणून ज्याचं नाव, त्यात लेन्स? आक्षेप रास्त आहे, पण ही लेन्स वस्तूचं चित्र काढत नाही. ती फक्त डिटेक्टरांची जाळी लहान करते. तिच्यात दोष असला तरी मोजायची गोष्ट म्हणजे बीट, आणि तो प्रत्येक पिक्सेलवर त्या त्या जागीच मोजला जातो. महागडी लेन्स घ्यायची गरजही पडली नाही. कपाटात पडून होती तीच वापरली.

याने तीन गोष्टी एकदम साधल्या. एका झटक्याचा माल १३४ मेगाबाइटवरून अडीच मेगाबाइटच्या आत आला. २५ झटके आता एका सेकंदाच्या आत तारेवरून निघतात. काकांचा चहा राहिला. दुसरं, हाय-स्पीड कॅमेऱ्याची खिडकी लहान केली की फ्रेमचा वेग वाढवता येतो. ५,००० च्या जागी ५०,००० फ्रेम मिळाल्या. ६४ फ्रेमचा झटका १२.८ ऐवजी १.२८ मिलिसेकंदात. बीटच्या वारंवारता दहापट केल्या, मॉड्यूलेटरला त्याचं काहीच नाही. तिसरं, फ्रेमचा वेळ दहापट कमी झाला तरी पिक्सेलवर पडणारा प्रकाश ६४ पट झाला, म्हणजे प्रत्येक वाचनाला उलट सहापट जास्त प्रकाश.

पण वस्तू हलत होती

इथपर्यंतचं सगळं ऐकून मॅडमना वाटलं, झालं काम. खरा अडसर अजून बाकी होता, आणि तो कोटेशनमध्ये कुठेच नव्हता.

वस्तू आडवी सरकली की तिच्या स्पेकलची नक्षी डिटेक्टरवर दुप्पट वेगाने सरकते. बीट मोजून होईपर्यंत नक्षी फार सरकली तर फरक पुसट होतात. मी मर्यादा अशी धरली, की एका झटक्यात नक्षी जाळीच्या घराच्या पाव भागाहून, म्हणजे ०.०४ मिलिमीटरहून जास्त सरकू नये. जुन्या १२.८ मिलिसेकंदांच्या झटक्यात वस्तूला सेकंदाला दीड मिलिमीटरच्या वर हलता येत नव्हतं. हे टीमला कधी जाणवलंच नाही, कारण ते स्टेज सरकवायचे, थांबवायचे, झटका घ्यायचे, पुन्हा सरकवायचे. हलती वस्तू म्हणत होते, पण प्रत्येक झटक्याला ती उभीच होती. नव्या झटक्यात सेकंदाला १५ मिलिमीटरपर्यंत न थांबता चालता येतं.

आणि आता उलटी बाजू. सरासरीचा उपयोग व्हायचा तर २५ चित्रांत २५ वेगळे स्पेकल हवेत. नक्षी संपूर्ण २०.४८ मिलिमीटर सरकून गेली की जाळीवर पूर्ण नवी नक्षी येते. जुन्या सेटअपमध्ये, न थांबता, परवानगी असलेल्या कमाल वेगाने वस्तू चालवली तर त्याला साडेसहा सेकंद लागतात. २५ चित्रांना पावणेतीन मिनिटं. जगातला कुठलाही सर्व्हर आणला तरी पावणेतीन मिनिटं. ती वस्तूच्या हालचालीने घातलेली अट आहे. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार.

नव्या सेटअपमध्ये तोच वेळ एका नक्षीला ०.६५ सेकंद, २५ ला १६ सेकंद. म्हणजे प्रत्येक चित्र ०.६५ सेकंदाच्या आत जोडून झालं की पुरे. त्याहून वेगाने जोडून उपयोग नाही, कारण पुढचा झटका जवळपास त्याच स्पेकलचा असणार. आणि ०.६५ सेकंदात जाळी उभी करणं हे त्यांच्या टेबलावर आधीपासून असलेल्या वर्कस्टेशनला सहज जमतं.

सरकत्या स्टेजने १६ सेकंदांत पाव मीटर जावं लागलं असतं. इतका रुळ नव्हता. म्हणून वस्तू सरकवण्याबरोबर अगदी हळू फिरवायचीही ठरली. १० मीटरवर वस्तू १ मिलिरेडियन फिरली की नक्षी २० मिलिमीटर सरकते. २५ चित्रांसाठी दीड अंशाहून कमी फिरणं पुरतं, तेवढ्यात आकृतीचं रूप बदलत नाही. दोन्ही हालचाली एकाच वेळी असल्या की दोन्हींची मिळून वेगमर्यादा पाळावी लागते. हे काकांनी स्टेजच्या सेटिंगमध्ये स्वतः बसवून दाखवलं.

एक त्रास तेवढा राहिला. चित्र पडद्यावर नाचायचं. प्रत्येक झटक्याचं चित्र शेजारच्या जागी. कारण साधं होतं: ठाणे-बेलापूर रस्त्यावरून जड ट्रेलर गेले की टेबल हलतं, तीन बीमच्या वाटांत किंचित फरक पडतो आणि सगळ्या आडव्या किंवा सगळ्या उभ्या फरकांत एक ठरावीक आकडा मिसळतो. तरंगात तो नुसता तिरपेपणा म्हणून येतो, आणि तिरपेपणा म्हणजे चित्राची जागा बदलणं. आकार बिघडत नाही. चित्रं एकमेकांवर जुळवून मग सरासरी घेतली की झालं. मॅडमना टेबलाखाली महागडे कंपनरोधक पाय घालायचे होते. मी ते पुढे ढकलायला सांगितलं.

दाखवायचा दिवस, आणि त्यानंतरचं बोलणं

पाहुण्यांना २५ चित्रं होईपर्यंत काळ्या पडद्यासमोर बसवायचं नाही, हे मुलीने सुचवलं आणि ते उत्तम होतं. पहिल्या झटक्याचं दाणेदार चित्र लगेच दाखवायचं आणि दर ०.६५ सेकंदाला एक मिसळत जायचं. चौथ्या चित्राला दाणेदारपणा निम्मा होतो, म्हणजे तीनेक सेकंदांत पंख आणि मधला डबा वेगळे कळतात. लोकांना चित्र उमलताना बघायला आवडतं, हा बोनस.

पाहुण्यांपैकी एकाने अपेक्षित प्रश्न विचारला: खऱ्या उपग्रहाला हे चालेल का? तिथे आकडे उलटे होतात. ५०० किलोमीटरवरचा उपग्रह सेकंदाला ७.६ किलोमीटरने जातो, नक्षी जमिनीवर १५ किलोमीटरने. डिटेक्टर १० सेंटिमीटर अंतराने मांडले आणि तीच पाव घराची अट लावली तर सगळे बीट दीड मायक्रोसेकंदाच्या आसपास मोजून व्हायला हवेत, म्हणजे वारंवारतेचे फरक मेगाहर्ट्झमध्ये, आणि इतक्या थोड्या वेळात पुरेसा प्रकाश परत यावा म्हणून लेझर फार जोरकस. उलट १२८ डिटेक्टरांची १२.८ मीटरची बाजू नक्षी एका मिलिसेकंदाच्या आत ओलांडते. नवं स्पेकल फुकट आणि अखंड येतं. म्हणजे जिथे महापेत ०.६५ सेकंद मिळत होते तिथे मिलिसेकंदाला एक चित्र जोडावं लागेल. जीपीयू, किंवा त्याहून बरं म्हणजे डिटेक्टरजवळच बीट मोजणारी एफपीजीए (एका कामासाठी हवी तशी जोडता येणारी चिप), तिथे शोभेल. आदल्या चित्राचा तरंग सरकवून पुढच्याची सुरुवात म्हणून वापरला तर घासकामाच्या फेऱ्याही वाचतील. मुलीने त्यावर काम सुरू केलं आहे.

खरेदीची फाइल परत गेली. त्यातला सगळा पैसा वाचला असं मात्र नाही. पुढचा टप्पा पॅसेजबाहेर, गच्चीवरून शंभर-दोनशे मीटरवर करायचा आहे आणि तिथे हिरवा लेझर उघड्यावर सोडणं मला मान्य नाही. डोळ्यांना धोका, आणि २०२५ मध्ये उद्घाटन झालेल्या नवी मुंबई विमानतळामुळे आकाशात आता विमानांची ये-जा. मी १५५० नॅनोमीटरकडे जायचा सल्ला दिला. डोळ्यांच्या दृष्टीने ती तरंगलांबी पुष्कळ बरी, पण सिलिकॉनचा कॅमेरा ११०० नॅनोमीटरच्या पुढे आंधळा असतो. म्हणजे इंडियम-गॅलियम-आर्सेनाइडचा कॅमेरा, जो पिक्सेलला पिक्सेल कितीतरी महाग आणि फ्रेमच्या वेगात मागे. तरंगलांबी जवळजवळ तिप्पट झाल्याने स्पेकलचे दाणेही तिप्पट मोठे होतील, घरं मोठी घेता येतील आणि वेगाची अट तेवढी सैल होईल. कॅमेऱ्याचा मंदपणा त्यात किती भरून निघतो, याचा तक्ता मॅडमनी मागितला आहे. या वेळी त्यांनी कोटेशन मागवण्याआधीच मागितला.